पासवर्ड कुणाकडे आहे? : गावातल्या संगणक-जाळ्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

१९९८ साली वारणा खोऱ्यातल्या ७० गावांना संगणकाने जोडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागून जेमतेम तीन वर्षे झाली होती. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ही गावे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाची गावे म्हणून पुढे जगभरच्या शोधनिबंधांत गेली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तांत्रिक बाजू सांभाळली. खर्चाचा निम्मा भार केंद्र सरकारने, चाळीस टक्के राज्याने आणि उरलेले दहा टक्के वारणेच्या शिक्षण मंडळाने उचलले. हा शेवटचा वाटा लहान असला तरी तो कुणी दिला हे लक्षात ठेवावे. साखर कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या परिसरातल्या शिक्षणसंस्थेने तो दिला, आणि याच मंडळाचे अभियांत्रिकी महाविद्यालय वारणानगरात १९८३ पासून चालू होते. जाळे आणि ते शिकणारी मुले एकाच गावात होती.

गावोगावच्या केंद्रांत संगणक बसले. पीक सल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले अशी बरीच मोठी स्वप्ने त्यांच्यावर लादलेली होती. प्रत्यक्षात शेतकरी तिथे ज्या कामासाठी जात होता ते काम उसाचे होते: किती टन गेला, खत किती उचलले, बिल किती झाले. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा तिथे गेले, तेव्हा त्यांना हेच दिसले. त्यांनी सात गावांत एक प्रयोग केला. संगणकाऐवजी मोबाइल फोन ठेवला, एसएमएस पाठवला की कारखान्याच्या नोंदींतून उत्तर परत यायचे. गावातल्या संगणकाची देखभाल, वीज आणि जोडणी या तिन्ही डोकेदुख्या त्यातून वगळल्या गेल्या. व्यवस्था स्वस्त पडली आणि शेतकऱ्यांना पसंतही पडली.

संगणक-जाळ्यांच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवात इथून करावी असे मला वाटते. वारणेत तंत्रज्ञान फसले असे म्हणण्याची एक फॅशन आहे; ती मला मान्य नाही. सत्तर गावांत त्या काळी जोडणी उभी करणे हे थोर काम होते. पण त्या कामाने एक प्रश्न असा काही समोर आणून ठेवला की त्याला बगल देता येत नाही: उद्घाटनाची गाडी निघून गेल्यावर हे कोण बघणार? या क्षेत्राचा सगळा अभ्यास या एका प्रश्नाच्या पोटात आहे.

क्षेत्राची व्याख्या सोपी ठेवू. शाळा, वाचनालय, ग्रामपंचायत, आरोग्य उपकेंद्र, वसतिगृह, तालीम, बचत गटाचे कार्यालय अशा ठिकाणी, जिथे पगारी नेटवर्क अभियंता कधीच नसतो, तिथे विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून जाळे उभे करतात, दुरुस्त करतात आणि सोपवून येतात. त्यातून ठिकाणाला सेवा मिळते आणि विद्यार्थ्याला अनुभव. या दोन्हींपैकी एकच घडले तर तो या अभ्यासाचा विषय राहत नाही. फक्त सेवा झाली तर ते श्रमदान आणि फक्त अनुभव मिळाला तर ती गावाची प्रयोगशाळा. दुसरा प्रकार जास्त धोकादायक, कारण त्यात गावाला विचारलेले नसते.

कोल्हापुरात या विचाराला मुळे आहेत, आणि ती अनेकांना वाटतात त्यापेक्षा खोल गेलेली आहेत. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे केले. खेड्यातल्या मुलाने खेड्यातच शिकावे, शिकता शिकता खेड्याचे काम करावे आणि त्या कामालाच शिक्षण म्हणावे, हा त्यामागचा विचार. हेच नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. १९६६ च्या त्या अहवालाने कार्यानुभव आणि समाजसेवा शिक्षणाच्या मुख्य प्रवाहात आणाव्यात अशी शिफारस केली. आपल्या शाळेच्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ नावाचा जो तास असायचा, ज्यात आपण खडू, मेणबत्त्या किंवा कागदी फुले केली आणि बहुतेक वेळा गणिताच्या शिक्षकांनी उरलेला भाग उरकून घेतला, तो तास तिथून आला. गारगोटीतल्या विचाराचा शाळांत कागदी फुलांपर्यंत कसा प्रवास झाला हा वेगळा आणि खेदाचा विषय आहे. पण आज संगणक-जाळ्यांच्या शिक्षणात ‘समाजसहभाग’ म्हणून जे परदेशातून आल्यासारखे मांडले जाते, त्याचा पत्ता कोल्हापूर जिल्ह्यातला आहे, एवढे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावे.

नाईकांच्या जोडीने दुसरे नाव घ्यायचे ते डॉ. श्रीनाथ कलबाग यांचे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला त्यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या मुलांनी वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया यांत हात घालायचा आणि शिकताना गावाला प्रत्यक्ष सेवा द्यायची, अशी तिथली पद्धत. सेवा विकली गेली पाहिजे, कुणीतरी ती मागितली पाहिजे, यावर तिथे भर होता. कारण गिऱ्हाईक नसेल तर काम नीट झाले की नाही हे कळण्याचा मार्गच उरत नाही. एमआयटीबाहेरची सुरुवातीची फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवून पाहण्याची खुली कार्यशाळा, २००२ मध्ये पाबळला आली ती याच पार्श्वभूमीवर. नेटवर्किंगच्या विद्यार्थ्याने कलबागांकडून घ्यायचा धडा हाच: आपल्या केबलला गिऱ्हाईक हवे.

कारण महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत ते नसते. सिम्युलेटर ही उत्तम वस्तू आहे. पॅकेट ट्रेसरवर एका संध्याकाळी दहा राउटरचे जाळे उभे करता येते, आणि राउटिंगची तत्त्वे त्याच्याइतकी स्वच्छ कुठेच समजत नाहीत. पण त्यात धूळ नाही, घुशीने कुरतडलेली केबल नाही, आणि ‘कुणीतरी’ नावाचा माणूस नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतली कुठलीही संगणक खोली घ्या. ती योजनेतून आलेली असते. ठेकेदाराची मुदत पाच वर्षांची असते. मुदत संपली की संगणक शाळेचे होतात आणि संगणक शिक्षक घरी जातो. मागे उरतात दहा यंत्रे, एक स्विच, दोन यूपीएस (त्यातला एक फक्त आवाज करतो) आणि मुख्याध्यापकांच्या कपाटातली एक वही, जिच्यात सगळे आहे, फक्त पासवर्ड नाही. नेटवर्किंगचे खरे शिक्षण या खोलीत सुरू होते.

एक उदाहरण सविस्तर पाहू, कारण ते या खोल्यांत पुन्हा पुन्हा भेटते. तक्रार अशी असते की ‘अर्ध्या मशीनवर नेट चालतंय, अर्ध्यावर नाही, आणि काल चालत होतं त्यावर आज नाही’. विद्यार्थी केबल तपासतो, ती ठीक असते. स्विच बदलतो, फरक पडत नाही. मग कुणीतरी सांगते की गेल्या महिन्यात एका गुरुजींनी घरचा जुना वाय-फाय राउटर आणून कोपऱ्यात लावलाय, स्टाफरूममध्ये रेंज यावी म्हणून. त्या राउटरची केबल लॅनच्या छिद्रात घातलेली असते. आता जाळ्यात पत्ते वाटणारी दोन यंत्रे झाली. नवा संगणक सुरू होताना ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारतो आणि जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेऊन बसतो. घरच्या राउटरने दिलेला पत्ता ज्याला मिळाला त्याला बाहेरचा रस्ता नाही. कोणाला कोण आधी उत्तर देईल याचा नेम नसल्याने बिघाड रोज जागा बदलतो. पाठ्यपुस्तकात डीएचसीपीचा जो चार पायऱ्यांचा संवाद पाठ केलेला असतो, तो इथे पहिल्यांदा माणसाच्या रूपात भेटतो. दुरुस्ती पाच मिनिटांची: केबल काढायची, त्या राउटरमधले पत्ते वाटण्याचे काम बंद करायचे, केबल परत लावायची. शिक्षण मात्र त्या दोन तासांच्या शोधात आहे. आणखी एक, ज्याला मी तांत्रिक कौशल्याइतकेच महत्त्व देतो: त्या गुरुजींचा अपमान न करता ही गोष्ट सांगता येणे. त्यांनी चूक केली नव्हती. स्टाफरूमची गरज कुणी ऐकलीच नव्हती.

आता जरा शिवारात जाऊ. दोन इमारतींमध्ये वाय-फायचा दुवा जोडायचा असला की विद्यार्थी गच्चीवर उभा राहून बघतो: समोरची टाकी दिसते का? दिसली की त्याला वाटते, झाले. पण लहरींना डोळ्याच्या रेषेएवढी वाट पुरत नाही. दोन अँटेनांच्या मधली, मध्यावर फुगलेली एक लांबट जागा मोकळी लागते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झवर तीन किलोमीटरचा दुवा असेल तर मध्यावर या जागेची त्रिज्या सुमारे सव्वासहा मीटर भरते आणि तिच्यातला निदान साठ टक्के भाग, म्हणजे पावणेचार मीटर, अडथळ्याविना हवा. हे गणित जगात सगळीकडे सारखेच. पण आपल्याकडे मध्ये ऊस आहे. फेब्रुवारीत, तोड होऊन गेल्यावर, पाहणी करणाऱ्या पोरांना समोर मोकळे रान दिसते. ते पाच मीटरच्या पाइपवर अँटेना चढवतात, दुवा झकास चालतो, प्रकल्प जमा होतो, गुण मिळतात. ऑगस्टमध्ये त्याच रानात तीन-साडेतीन मीटर ऊस उभा असतो, पाने पावसाने निथळत असतात, आणि पाण्याने भरलेला पाला या लहरी पिऊन टाकतो. पावसाने नेट गेले असे गाव म्हणते. पाऊस स्वतः या वारंवारतेला फारसे काही करत नाही; करतो तो ओला पाला. आडसाली उसाचे रान असेल तर हा अडथळा वर्षभराहूनही अधिक काळ जागचा हलत नाही. म्हणून आपल्याकडच्या पाहणी-अर्जात ‘मधल्या रानात पीक कोणते आणि लागण कधीची’ असा रकाना असला पाहिजे. तो कुठल्याही परदेशी हस्तपुस्तिकेत मिळणार नाही. तो आपल्यालाच घालायचा आहे, आणि माझ्या मते हाच या क्षेत्रातला संशोधनाचा पहिला, साधा, खरा विषय आहे.

तसाच वळीव. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर गडगडाट होतो आणि दोन इमारतींमध्ये ओढलेली तांब्याची केबल दोन्ही टोकांचे स्विच घेऊन जाते. इमारतीच्या बाहेर शक्यतो फायबर वापरावी, कारण काचेतून वीज वाहत नाही. बाहेरच्या उपकरणाला अर्थिंग आणि सर्ज संरक्षक लावावा. आणि तांब्याची केबल शंभर मीटरच्या आत ठेवावी. नियम तीन ओळींत सांगून झाले. ते पाळायला खड्डा खणावा लागतो, कोळसा-मीठ आणावे लागते, वायरमनला विनवावे लागते.

या वायरमनला आणि त्याच्याबरोबर गावच्या केबलवाल्याला या क्षेत्रात मानाचे पान द्यावे, असा माझा आग्रह आहे. विद्यार्थ्यांचे गट बऱ्याचदा त्यांना वगळून काम करतात, कधी संकोचाने, कधी पदवीच्या ताठ्याने. केबलवाल्याला कुठल्या खांबावर माकडे येतात ते ठाऊक असते, जेसीबी कुठल्या रस्त्यावर फायबर तोडणार हे त्याला आदल्या दिवशी कळते, आणि पावसात जोड कसा झाकायचा हे तो बोटांनी जाणतो. शिवाय विद्यार्थी फुकट काम करतो तेव्हा तो कुणाच्या तरी पोटावर पाय देत नाही ना, हे तपासणे हा नीतीचा भाग आहे. जिथे गावात पैसे घेऊन काम करणारा कुशल माणूस आहे, तिथे विद्यार्थ्याने त्याच्या हाताखाली काम करावे. कोल्हापूर हे शहरच असे शिकलेले आहे. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा तयार केला आणि उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी परदेशी इंजिने उघडून पुन्हा जोडली, ते कुणाच्या तरी शेजारी उभे राहूनच.

गटातल्या कामाच्या वाटणीबद्दलही एक निरीक्षण. मुले गच्चीवर चढतात आणि मुली ‘डॉक्युमेंटेशन’ करतात, असे न ठरवता ठरून जाते. यात दोघांचेही नुकसान आहे. मुलींच्या हाताला क्रिंपिंग टूल लागत नाही आणि मुलांना स्वतः केलेले काम दोन वाक्यांत लिहिता येत नाही. कामे आलटून पालटून द्यावीत आणि मार्गदर्शकाने यात संकोच करू नये.

कायदा आणि धोरण यांची बाजू आता बरीच अनुकूल झाली आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याविना वापरता येतो. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ पासून इमारतीबाहेरही खुला झाला. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारही परवाना शुल्काविना सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट नाव मिळालेली योजना देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची आहे. तिची मर्यादाही नीट समजून घ्यावी. फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येऊन एका डब्यात संपते. तिथून शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र यांपर्यंतचे अंतर कुणाच्या आराखड्यात ठळक नसते. विद्यार्थ्यांचे क्षेत्र नेमके त्या डब्यापासून पुढे सुरू होते.

त्या पुढच्या अंतरावर महाराष्ट्रात सर्वांत गंभीर काम झाले ते पालघर जिल्ह्यात, आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पातून. प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरदर्शनच्या वापरात नसलेल्या लहरींवर गावे जोडून पाहिली. या लहरी झाडोऱ्यातून आणि डोंगरउतारांवरून वाय-फायपेक्षा बऱ्या जातात. भारतात हा पट्टा किती मोकळा आहे याचा त्यांच्या गटाने केलेला अभ्यास जरूर वाचावा: पंधरा चॅनेलांपैकी निदान बारा देशभर रिकामी आढळली. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पहिले पारितोषिक मिळाले. पण विद्यार्थ्यांनी त्याहून बारकाईने पाहावे ते गावकऱ्यांचा सहभाग आणि देखभालीचा खर्च यांची केलेली मांडणी. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या आपल्या पावसाळी, दाट झाडीच्या तालुक्यांना तिथला अनुभव थेट लागू पडतो.

जगाकडे पाहायचे तर दोन उदाहरणे पुरेत. ९ मार्च १९९६ रोजी कॅलिफोर्नियात ‘नेटडे’ झाला. हजारो स्वयंसेवकांनी एका दिवसात शाळाशाळांत केबल ओढली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आणि उपाध्यक्ष गोर यांनीही हात लावला. पाच वर्षांनी स्टॅनफर्डचे लॅरी क्युबन यांनी त्याच परिसरातल्या शाळांवर पुस्तक लिहिले आणि दाखवले की यंत्रे आली, पण वर्गातले शिकवणे फारसे हलले नाही. दुसरे उदाहरण स्पेनमधल्या कॅटलोनियाचे. तिथे २००४ च्या सुमारास काही खेडुतांनी, कंपन्या इंटरनेट देईनात म्हणून, छपरांवर स्वतः अँटेना लावल्या. ‘गीफी’ नावाचे ते जाळे आज तीस हजारांहून अधिक ठिकाणे जोडते. पहिल्या उदाहरणात दिवस साजरा झाला. दुसऱ्यात जाळ्याची मालकी, दुरुस्तीचा खर्च आणि वापराचे नियम कागदावर आले. सहकारी संस्थांच्या जिल्ह्यात वाढलेल्या वाचकाला दुसरे समजावून सांगायला नको. दूध संस्थेच्या सभेत बसलेल्या माणसाला ‘सामायिक मालकी’ शिकवायला जाणे म्हणजे उलटी गंगा.

स्वयंसेवकाच्या हाती नकळत फार मोठी सत्ता येते हेही सांगितले पाहिजे. जो राउटर बसवतो त्याला कोण काय पाहतो हे दिसू शकते. शाळेत हा प्रश्न मुलांच्या माहितीचा असतो, उपकेंद्रात रुग्णांच्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. सार्वजनिक वाय-फाय देणाऱ्याने वापरणाऱ्याची ओळख नोंदवावी असे दूरसंचार खात्याचे नियम त्याआधीपासून आहेत. या दोन्हींच्या मध्ये काय ठेवायचे आणि काय पुसायचे हे विद्यार्थ्याने आधी लिहून, संस्थेच्या प्रमुखाची सही घेऊन ठरवावे. आपल्या सोयीसाठी दुरून प्रवेशाची गुप्त वाट ठेवू नये. ‘सर, काही झालं तर मी घरून बघतो’ हे वाक्य प्रेमाने बोललेले असते, तरी ते चूक आहे. पदवी घेऊन मुलगा पुण्याला गेला की ती वाट बेवारस होते.

पुराविषयी न लिहिता कोल्हापुरातली प्रस्तावना पुरी होणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. अशा वेळी पहिली जाते ती वीज, मग मोबाइल टॉवरची बॅटरी, मग निरोप. व्हाइट आर्मीसारख्या संघटनांनी आणि तालमीतल्या पोरांनी होड्या काढल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. जाळ्यांच्या विद्यार्थ्यांना तिथे करण्यासारखे काम पुराच्या आधीचे आहे: शिरोळ, करवीरच्या पूरपट्ट्यातल्या निवारा शाळांमध्ये स्विच आणि राउटर तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर नेणे, बॅटरी किती तास पुरते ते मोजणे, आणि बाहेरची जोडणी तुटली तरी इमारतीच्या आत चालेल असे छोटे जाळे ठेवणे, ज्यावर निवाऱ्यातल्या माणसांची यादी आणि औषधांची नोंद राहील. ज्यांनी मोठा पूर पाहिला आहे ते या कामाला नाही म्हणणार नाहीत.

महाविद्यालयांना आता निमित्तही आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे; तंत्रशिक्षण परिषदेचे शंभर उपक्रम-गुण आहेत; नव्या शैक्षणिक धोरणातल्या पदवी अभ्यासक्रमांत समाजसहभाग प्रकल्पाला श्रेयांक आहेत; उन्नत भारत अभियानातून महाविद्यालयांनी गावे निवडलेली आहेत. धोका एवढाच की हे सगळे फलकासमोरच्या फोटोवर येऊन थांबते. माझी सूचना अशी की गुण दोन हप्त्यांत द्यावेत: अर्धे काम झाल्यावर आणि अर्धे सहा महिन्यांनी, दुसऱ्या तुकडीने जाऊन जाळे चालू आहे का हे पाहून आल्यावर. बंद असेल तर गुण कापू नयेत; का बंद पडले याचा प्रामाणिक अहवाल आला की पुरे गुण द्यावेत. या एका बदलाने आपल्याला काही वर्षांत असा ज्ञानसाठा मिळेल की जो आज कुठल्याच विद्यापीठाकडे नाही.

नोकरीचा मुद्दा उरतो, आणि तो मी हलका मानत नाही. डिप्लोमा किंवा पदवी घेतलेल्या पोराला जाहिरातीत ‘एक वर्षाचा अनुभव’ दिसतो आणि तो मिळवायला नोकरी लागते. हा फेरा तोडायला शाळेतली ती धुळीची खोली उपयोगी पडते. मुलाखतीत ‘तू काय केलंस?’ या प्रश्नाला ‘व्हीलॅन शिकलो’ हे एक उत्तर; ‘बावीस संगणक आणि कार्यालय एकाच स्विचवर होते, परीक्षेचे गुण मुलांना दिसू नयेत म्हणून मी त्यांची दोन जाळी वेगळी केली, हा आराखडा’ हे दुसरे. समोरच्या अभियंत्याला फरक कळतो. मात्र केवळ बायोडेटासाठी गावात जाणाऱ्याला गावही ओळखते, आणि दुसऱ्यांदा चहा विचारत नाही.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला माझे आवतण आहे आणि एक विनंती आहे. आपल्या गावच्या किंवा गल्लीतल्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा आणि काही जोडायच्या आधी एवढेच विचारा की राउटरचा पासवर्ड कुणाकडे आहे, बिघडल्यावर फोन कुणाला करता, आणि वीजबिल कोण भरते. उत्तरे लिहून घ्या. काम कराल तेव्हा एका पानावर जाळ्याचा नकाशा काढा, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा, आणि ते पान मराठीत लिहा. कारण तुमच्यानंतर ते उघडणार आहेत ते त्या शाळेतले गुरुजी, बाई किंवा दहावीतली एखादी मुलगी. एक प्रत शाळेत ठेवा, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या. वारणेच्या पहिल्या जाळ्याबद्दल आपण आज जे वाचतो ते बहुतेक बाहेरून आलेल्या संशोधकांनी इंग्रजीत लिहिलेले आहे. पुढच्या जाळ्यांबद्दल ते तुम्ही लिहावे.